न काढलेला केर

चाळिशी फ्रीजवर राहिली म्हणून लिआ झिराडकर दोन जिने उतरून पुन्हा वर आली, आणि दार उघडंच होतं म्हणून तिला ते ऐकू आलं. नाहीतर तो रविवार अश्दोदच्या बाकीच्या रविवारांसारखाच गेला असता. इस्रायलचा आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणून शनिवार आईकडे काढायचा, रविवारी सकाळी डब्यात कोंबडीची आमटी घेऊन तेल अविवची बस धरायची, आणि तिथं पोचल्यावर स्पॅनिशच्या प्राध्यापक बाई व्हायचं. आत तिची भाची गाली, सैन्यातून सुटीवर आलेली, बादलीभर पाणी फरशीवर ओतायच्या बेतात असावी, कारण आई ओरडली, "अगं ए, ठेव ती बादली! झाडूला पण हात लावू नको. ती आत्ता कुठं जिन्यात असेल. पोचू दे तिला, फोन येऊ दे, मग काढ काय तो केर." गाली हिब्रूत आजीला म्हणाली की साव्ता, मला अकराची बस आहे, आणि तेल अविव म्हणजे काय चंद्र नाही. "असू दे," आई मराठीतच म्हणाली. तिच्या घरात प्रश्न एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, हे कुणाला खटकत नाही. "माणूस निघाल्यावर केर काढला तर त्याचं येणं केरात जातं. ठाण्याला असल्यापासून नाही काढला मी, आज काय काढते?" लिआचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला होता. तो तिने काढून घेतला. आत गेली असती तर आईने खुर्चीवर बसवलं असतं, घोटभर पाणी पाजलं असतं, कारण निघालेलं माणूस परत फिरलं की त्याला तसंच जाऊ द्यायचं नसतं. बेचाळीस वर्षांची, डॉक्टरेट केलेली बाई चपला हातात घेऊन चोरासारखी जिना उतरली. चाळिशी वरच राहिली.

बस सुटली तेव्हा कुठं तिला घाम आला. त्या वर्षी बसगाड्यांत बॉम्ब फुटत होते, म्हणून चढणारा प्रत्येकजण आधी बसलेल्यांच्या जाकिटांकडे बघून घ्यायचा, आणि समोरची बाई लिआकडे जरा जास्तच बघत होती, कारण लिआ काहीतरी पुटपुटत होती. ती तेच वाक्य पुटपुटत होती, पण स्पॅनिशमध्ये. त्याचं येणं केरात जातं. हे वाक्य तिचं नव्हतं. नऊ वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की हे वाक्य स्पेनच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातल्या ब्याऐंशी वर्षांच्या फेलिसाबाईचं आहे. तिकडच्या बोलीत दोन्या फेलिसा. एकोणीसशे छत्तीसच्या यादवीत तिच्या नवऱ्याला पहाटे चार जण घेऊन गेले आणि तो परत आला नाही. फेलिसाने नऊ दिवस घराचा केर काढला नाही, असं लिआच्या लेखात लिहिलं होतं. त्या लेखावर तिचं सगळं उभं होतं. स्पेनमधले नवे कादंबरीकार आपल्या नाहीशा झालेल्या आजोबांवर लिहायला लागले होते, आणि त्यांच्या पुस्तकांतल्या धुळीच्या कोपऱ्यांना, न झाडलेल्या खोल्यांना लिआने पहिल्यांदा नाव दिलं: न काढलेला केर. विस्मरणाच्या विरुद्ध घरातल्या बाईने केलेला एकमेव संप, असं तिने लिहिलं होतं. परिषदांमध्ये लोक त्याला 'लिआचा केर' म्हणायचे. पुढे तिकडे सामुदायिक दफनाचे खड्डे उकरायला सुरुवात झाली, हाडं वर यायला लागली, आणि फेलिसाचं ते वाक्य एका प्रदर्शनाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लागलं. तिने त्याच्याखाली उभं राहून फोटोही काढून घेतला होता. तो फोटो आईच्या फ्रीजवर लावलेला आहे, आणि चाळिशी त्याच्याच वर राहिली आहे, हे आठवून तिला हसू आलं. ते काही बरं हसू नव्हतं.

बायका सगळीकडे सारख्याच, ती स्वतःला सांगत राहिली. चुली सारख्या, केरसुण्या सारख्या, भीती सारखी. ठाण्याच्या बाईला जे वाटलं ते स्पेनच्या बाईला का वाटू नये? असतीलही तिकडे असे समज. असतातच. बस यावने गावाला पोचेपर्यंत हा युक्तिवाद तिने चांगला पेलला, कारण युक्तिवाद पेलण्याचाच ती पगार घेत होती. पण मग तिचंच डोकं परीक्षकासारखं मध्येच विचारायचं की समज सारखा असेल, वाक्य सारखं कसं? येणं केरात जातं. हे येणं, असं उचलून टोपलीत टाकल्यासारखं, आईशिवाय कोण बोलतं? आणि मग आणखी एक प्रश्न यायचा, जो तिला बिलकूल नको होता. आईचं हे वाक्य तिने आज पहिल्यांदा ऐकलं का? नाही. शंभरदा ऐकलं असणार. वडील बंदरावर पाळीला निघाले की आई ओट्याशी हात बांधून उभी राहायची, आणि शेजारच्या ब्राखाबाई हसायच्या की तुमच्या घरचा झाडू दुपारी उठतो. मोठं होताना लिआला आईच्या ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्या सगळ्या तिने एका गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. पोचल्याचा फोनही त्यातच होता. आईची कटकट, एवढंच तिने त्याचं नाव ठेवलं होतं. त्या फोनवर अश्दोदमध्ये एक झाडू थांबून राहतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

स्पॅनिश तिला ब्राखाबाईंनी दिली. त्या उत्तर मोरोक्कोतून आलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या बायका आपसांत जुनी स्पॅनिश बोलायच्या आणि वांगी तळायच्या. ठाण्याहून आलेली नऊ वर्षांची लिआ शाळेत 'होदीत' होती, म्हणजे हिंदुस्थानी, आणि तिच्या हिब्रूला वर्ग हसायचा. मराठीत ती घरातलं शेंडेफळ होती. ब्राखाबाईंच्या भाषेत मात्र ती कुणीच नव्हती, आणि कुणीच नसण्यात केवढी मोकळीक असते ते तिला तळलेल्या वांग्याच्या वासात समजलं. मग शाळा, मग सैन्य, मग विद्यापीठ, मग शिष्यवृत्तीवर स्पेन. लोक विचारायचे, हिंदुस्थानातली ज्यू बाई आणि स्पॅनिश साहित्य? ती ठरलेलं उत्तर द्यायची की बाहेरच्याला जास्त दिसतं. हे उत्तर तिला आवडायचं. आता बसच्या काचेला डोकं टेकून तिला वाटलं, की आपण बाहेर होतो कधी? फेलिसाच्या ओसरीवर आपण एकट्या गेलो नव्हतो. आईचा झाडू घेऊन गेलो होतो.

विभागात पोचल्यावर तिने फोन केला नाही. करायचा राहिला असं नव्हे. दोनदा उचलून ठेवला. आई स्वतःहून करणार नव्हती, वाटेवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही म्हणून. लिआने कपाट उघडलं, १९९४ च्या उन्हाळ्याची वही काढली आणि हात लांब करून बघितली. चाळिशीशिवाय अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. पण फेलिसाला भेटून आलेल्या संध्याकाळचं पान तिला पाठ होतं. वहीत तीन भाषांची खिचडी होती, घाईत जी पहिली येईल ती, आणि पानाच्या तळाशी हिरव्या शाईत एकच ओळ मराठीत: फेलिसा – नऊ दिवस केर काढला नाही, येणं केरात जातं. दमले होते म्हणून मराठीत लिहिलं असेल, असं तिने आजवर धरलं होतं. धरलं होतं म्हणजे पुन्हा बघितलंच नव्हतं. विद्यार्थ्याने असं काही आणलं असतं तर ती म्हणाली असती की मूळ ध्वनिफीत कुठं आहे, आधी ती दाखवा. ध्वनिफीत कपाटातच होती. बुटाच्या खोक्यात चार कॅसेट. पहिल्या दोन उतरवून काढलेल्या, तिसरीवर 'फेलिसा, दुपार' असं लिहिलेलं. फेलिसा तोंडातल्या तोंडात बोलायची, शिवाय वही होती, म्हणून तिसरी कॅसेट उतरवायची राहिली होती. नऊ वर्षं राहिली होती. पाणी कुठं मुरतंय ते कळायला आता फार हुशारीची गरज नव्हती.

तेवढ्यात हेदवा आत आली. हेदवा विभागप्रमुख, लहानपण अर्जेंटिनात गेलेलं, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. लिआला कायम करण्यासाठी ती दोन वर्षं सगळ्यांशी भांडत होती. इथल्या नियमाप्रमाणे सातव्या वर्षी माणसाला कायम तरी करायचं नाहीतर नारळ द्यायचा, आणि लिआचं सातवं वर्ष संपत आलं होतं. समितीची बैठक सोमवारी, उद्या दहाला.

"मी तुला हे सांगायला नको," हेदवा दार लावत म्हणाली, आणि सांगायला लागली. "बाहेरचे तिन्ही अहवाल आले. तिन्ही उत्तम. एकाने तर लिहिलंय की पुढची वीस वर्षं या विषयात त्या म्हातारीच्या न झाडलेल्या घरातून गेल्याशिवाय कुणाला पुढं जाता येणार नाही. वाचून माझ्या अंगावर काटा आला. तुझा चेहरा का असा?"

"बसमध्ये त्रास झाला जरा."

"बस कसली घेतेस या दिवसांत! आजपासून टॅक्सी घे. उद्या तर घेच." हेदवाने तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. "आईला सांगितलंस का? सांग. आईला आधी सांगावं."

आईला काय सांगायचं राहिलं होतं? आई एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, नवस बोलून बसली होती. पोरगी पर्मनंट झाली की मलिदा करीन, किर्यात मलाखीला राहणाऱ्या नणंदेलाही बोलावीन, पोहे मी स्वतः भिजवीन, कुणाला हात लावू देणार नाही. ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, पाच फळं; काल तिने ताटसुद्धा काढून पुसून ठेवलं होतं. पर्मनंट हा शब्द ती अजून मुंबईतल्यासारखाच म्हणायची, जणू तो सरकारी शिक्क्यावरच मिळतो. लिआ हेदवाला आत्ताच्या आत्ता सांगू शकत होती. हेदवा, थांब, मला एक शंका आहे. पण शंका आहे म्हणजे काय? अजून काहीच सिद्ध नव्हतं. कॅसेट ऐकलीच नाही तर कधीच काही सिद्ध होणार नव्हतं. हा विचार इतका सोपा आणि इतका स्वच्छ होता की तिला त्याचीच भीती वाटली. "मी चारपर्यंत आहे," हेदवा जाताना म्हणाली. "कॉफी प्यायला ये."

वर्ग घेतला. काय शिकवलं ते नंतर आठवेना. साक्ष आणि कल्पित यांच्यातल्या सीमारेषेबद्दल बोललो असू, कारण अभ्यासक्रमात तेच होतं, आणि मुलं नेहमीपेक्षा मन लावून लिहून घेत होती. एका मुलीने विचारलं की साक्षीदाराने स्वतःची आठवण बदलली तर संशोधकाने काय करायचं. लिआ म्हणाली, वेळ संपली. मग भाषा-प्रयोगशाळेतून तिने जुना कॅसेट प्लेअर मागून आणला. तो देणारा म्हणाला, याचं एक बटण अडकतं, जोरात दाबा. तिने डबा उघडला, आमटी थंडच दोन घास खाल्ली, डबा बंद केला. खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या. खाली हिरवळीवर पोरं सिगरेटी ओढत हसत होती. तीन वाजायला आले होते. अश्दोदमध्ये फरशीवर सकाळचे पावाचे तुकडे तसेच पडले असतील, हे तिला दिसत होतं, आणि तरी तिने फोन न उचलता बटण दाबलं.

आधी कोंबड्या. मग लांबून पाण्याच्या पंपाची धडधड. मग तिचा स्वतःचा आवाज, नऊ वर्षांपूर्वीचा, इतका उत्साही की तिला कानावर हात ठेवावेसे वाटले. फेलिसा हळू बोलत होती. लिआने कान यंत्राला लावला. चौघंजण होते, फेलिसा म्हणत होती. दोघं गावातलेच. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, बुटांना चिखल होता. त्याला बूट घालू दिले, तेवढं चांगलं केलं. दाराशी त्याने मागं वळून बघितलं, पण मी बाळाला धरलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?" तेहतीस वर्षांची लिआ विचारते.

"काय करणार? केर काढला. फरशी घासली. सासूबाई यायच्या होत्या, शेजारणी यायच्या होत्या, घर तसं कसं ठेवणार? दोन बादल्या पाणी ओतलं. त्यांचे बूट, त्याचे बूट, सगळा चिखल एकच. मी काही वेगळा केला नाही."

इथं कुणीही चांगला संशोधक गप्प बसला असता. कॅसेटवरची लिआ गप्प बसली नाही. ती पाहुणी आली होती, म्हातारीने तिला अंजीर दिले होते, आणि आपणही काहीतरी द्यावं असं तिला वाटलं असणार. पाककृती सांगावी तशी, हसतहसत, ती म्हणाली, "आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं ना, की माझी आई केरच काढत नाही. पोचल्याचं कळेपर्यंत तसाच ठेवते. ती म्हणते, केर काढला तर त्याचं येणं केरात जातं."

कोंबड्या. पंप. फीत फिरल्याची घरघर.

"आणि येतात?" फेलिसाने विचारलं.

"येतात की!" लिआ हसली. कॅसेटवर ते हसू स्पष्ट होतं. "माझे वडील रोज यायचे."

मग कप ठेवल्याचा आवाज. मग म्हातारीचा, अगदी जवळून, जणू यंत्रालाच सांगतेय असा आवाज: "मला हे कुणी सांगितलं नाही. मी चोवीस वर्षांची होते. मला कुणी सांगितलं नाही, पोरी." आणि कुणीतरी बटण बंद केलं. बहुधा लिआनेच.

लिआने यंत्रापासून कान काढला. सकाळपासून तिला एकाच गोष्टीची भीती होती, की आपण खोटं लिहिलं. आता ती गोष्ट खरी ठरली होती आणि किती लहान वाटत होती. खोटं लेखात होतं, वाक्य भिंतीवर होतं, ते पुसता येईल, माफी मागता येईल, नोकरी जाईल तर जाईल. पण अंजिरांच्या बदल्यात आपण त्या बाईला काय देऊन आलो? अठ्ठावन्न वर्षं तिने चौघांना दोष दिला असेल, गावाला दिला असेल, देवाला दिला असेल. एका दुपारी एक परदेशी पोरगी येऊन तिला सांगून गेली की बाई, दोन बादल्या तू ओतल्यास. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात फेलिसा गेली. फेलिसाच्या भाचीचं पत्र आलं होतं. त्या दोन वर्षांत तिने घराचा केर कसा काढला असेल? लिआला रडू आलं, आणि ते स्वतःच्या घटस्फोटाच्या वेळी आलं नव्हतं तसं आलं, तोंड उघडं टाकून. त्या संध्याकाळी खाणावळीच्या खोलीत आपण 'काढला नाही' का लिहिलं? खाली कुणीतरी मिरच्या तळत होतं हे आठवत होतं, पेनाची हिरवी शाई आठवत होती, गादीचा खड्डा आठवत होता. ते तेवढं आठवत नव्हतं. कदाचित चूक झाली. कदाचित सहन झालं नाही म्हणून म्हातारीच्या हातातला झाडू आपणच काढून घेतला, कागदावर तरी. समितीला यातलं कुठलं सांगायचं? दुसरं जास्त बरं दिसेल, आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर विश्वास बसेना.

साडेतीन वाजले होते. तिने तोंड धुतलं आणि अश्दोदला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"पोचलीस?" आईने विचारलं. हॅलो नाही, काही नाही. मागे रेडिओ मोठ्याने चालू होता. आईने तो बंद केला.

"हो, आई."

"किती वाजले बघ. जीव टांगणीला लावतेस माणसाचा. गाली गेली, पोचली पण, तिचा फोन आला. तिला म्हटलं, तुझ्या मावशीचा नाही आला अजून." आईचा आवाज कापत होता, आणि तो कापलेला कळू नये म्हणून ती रागावत होती. "सकाळपासून हलले नाही मी इथून. घरभर पावाचा चुरा झालाय. आणि तुझी चाळिशी राहिली फ्रीजवर, वाचतेस कशी?"

"नाही वाचलं. ऐकलं आज."

"रडतेस का? काय झालं? त्यांनी नाही म्हटलं?"

"अजून नाही म्हटलं, आई."

"मग म्हणतील हो. मी बोललेय एलियाहू हन्नाबीला." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठत असावी, एक हात गुडघ्यावर ठेवून, नेहमीसारखी. "चल, पोचलीस ना, झालं. काढते आता केर."

लिआने दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं. बाहेर लांब कॉरिडॉर, आणि त्याच्या टोकाला हेदवाची खोली, जिथं चारपर्यंत दिवा असणार होता.

"नको," ती म्हणाली. "आई, नको काढू. मी अजून पोचले नाही."

"म्हणजे? कुठं जायचंय अजून?"

"एका ठिकाणी. इथंच आहे, सात दारं सोडून. जाऊन आले की फोन करते."

आईने आणखी काही विचारलं नाही. कुठं जातेस असं निघालेल्याला दोनदा विचारायचं नसतं. खुर्ची पुन्हा सरकली, आणि ती पुन्हा बसली हे लिआला समजलं.

"बरं," आई म्हणाली. "जा. मी थांबते."

लिआने अडकलेलं बटण जोरात दाबून कॅसेट बाहेर काढली, ती हातात घेतली आणि दार उघडलं.